कुटुंबाकडून उत्तर नाही

बायको — ते काही नाही, आईला तुम्हीच सांगा. म्हणून तर ऑफिसात फोन करून बोलावलं. सकाळपासून टीव्हीसमोर बसलीय, ताट तसंच झाकून ठेवलंय.

नवरा — पण सांगू काय?

बायको — राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चाललाय, परवा मतदान आहे, हे तिला पाठ आहे. कोणता खासदार कुणीकडे झुकलाय तेसुद्धा तोंडपाठ. तिनं मनाशी धरलंय की हा बाबा खुर्चीवरून उतरला की त्यानं दिलेली माफीही उतरेल, आणि तो जळालेल्या हॉलचा मालक, हॉलवाला, परत तुरुंगात जाईल. जाईल का?

नवरा — नाही.

बायको — बस, एवढंच?

नवरा — सतरा वर्षं माफीच्या विभागात कारकुनी करतोय मी. माफीच्या आदेशावर एकदा सही झाली की झाली. महाभियोगानं खुर्ची जाते, सही जात नाही.

बायको — अहो, पण त्याच्यावर आरोपच तो आहे ना? देणग्या घेऊन माफ्या वाटल्याचा?

नवरा — आहे. म्हणून त्याला काढतील, काढलं तर. परत निवडणुकीला उभं राहू देणार नाहीत. महाभियोगात शिक्षा तेवढीच, पदावरून दूर. तुरुंग वगैरे पुढची गोष्ट. कोर्टात वेगळी केस होईल, चारचौघांवर होते तशी, झाली तर.

बायको — आणि तो स्वतःलाच माफी देऊन मोकळा झाला तर?

नवरा — महाभियोगातून नाही होता येत. तेवढ्या एका ठिकाणी त्याचं पेन चालत नाही.

बायको — म्हणजे त्याला घरी पाठवायला महिनाभर साक्षी हव्यात, तीनशे माणसांचं मतदान हवं. आणि हॉलच्या आगीत अकरा माणसं जळून मेली, त्याची शिक्षा पुसायला एकट्याची सही पुरते.

नवरा — पुरते. कारणही द्यावं लागत नाही. आणि माफी मिळाली म्हणजे तो निर्दोष ठरला असं नव्हे. गुन्हा नोंदलेला राहतो, फक्त शिक्षा माफ.

बायको — छान. नऊ वर्षांची शिक्षा, चौदा महिन्यांत घरी. तिकिटाशिवाय फुकट्यांनी आत घुसू नये म्हणून हॉलच्या मागच्या दाराला साखळी घातली होती त्यानं. माझा भाऊ, आपला बारक्या, वायरमन होता तिथं, त्या अकरांतच गेला. दोनदा सांगितलं त्यानं, मालक, साखळी काढा. घरी येऊन आईला सांगायचा, ऐकत नाही गं हा माणूस.

नवरा — मला माहीत आहे हे सगळं.

बायको — तुम्हाला माहीत आहे, तेच तर. मी आज वकीलबाईंकडे गेले होते.

नवरा — कशाला? मला विचारायचंस.

बायको — विचारलं होतं. माफीची बातमी आली त्या दिवशी, इथंच उभी राहून. असा अर्ज आला की मेलेल्यांच्या घरी कुणी काही विचारतं का हो? तुम्ही म्हणालात, असलं काही नसतं.

नवरा — तसं सगळ्याच प्रकरणांत…

बायको — थांबा. वकीलबाई म्हणाल्या, असतं. प्रत्येक घराला पत्र जातं. तीस दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर हरकत नाही असं धरतात. महाभियोगासाठी सगळ्या फायली बाहेर काढल्यात ना, त्यातली प्रत आहे त्यांच्याकडे. अकरा घरांची यादी. सात घरांनी लिहून दिलंय, ह्याला सोडू नका. आपल्या नावापुढं शेरा, ‘कुटुंबाकडून उत्तर नाही.’

नवरा — तू बस आधी.

बायको — उभीच बरी आहे मी. शेरा हातानं लिहिलेला आहे. वीस वर्षं तुमच्या किराण्याच्या याद्या वाचतेय, अक्षर ओळखायला मला वकील लागत नाही.

नवरा — पत्रं माझ्याच टेबलावरून जायची होती. पाकिटं बघत होतो, तर त्यात आपला पत्ता. आईंचं नाव. त्याच आठवड्यात त्या पहिल्यांदा मागून घेऊन जेवल्या होत्या, तुला आठवतंय? रात्री दचकून उठायच्या, तेही थांबलं होतं. तू कामावर जायला लागली होतीस. म्हटलं, खपली धरतेय, कशाला काढायची. शंभरात दोन अर्ज मंजूर होतात गं. हा होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बायको — पत्र कुठं आहे?

नवरा — ड्रॉवरमध्ये. फाडलं नाही मी.

बायको — उपकार झाले. आणि मग?

नवरा — मग काय, मुदत संपली. शेरा मारला.

बायको — तीस दिवस म्हणजे थोडे नव्हेत. इतके दिवस नुसती कणव पुरत नाही माणसाला. आणखी काय होतं?

नवरा — काही नाही.

बायको — अहो, मी आता वकीलबाईंकडे परत जाणार आहे. त्यांच्या तोंडून ऐकू का तुमच्या?

नवरा — साहेब आले होते एकदा टेबलापाशी. आपलं नातं त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, त्या वायरमनच्या घरचं उत्तर आलं नाही ना? नसेल आलं तर बरंच आहे.

बायको — बरंच आहे.

नवरा — साखळीचं बारक्यानं सांगितलं होतं, ते आईंना ठाऊक आहे असा गावभर बोभाटा होता. ते लेखी आलं असतं तर फाइल अडली असती. निदान लांबली असती. मी म्हणालो, नाही आलं.

बायको — तेव्हा तरी सांगायचं, साहेब, तो माझा मेव्हणा.

नवरा — घाबरलो. हे घर ऑफिसचं. पोरीची कॉलेजची तीन वर्षं राहिलीत. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कचेरीत फेकलं असतं मला, आणि फाइल दुसऱ्यानं पुढं सरकवलीच असती.

बायको — दुसऱ्यानं सरकवली असती तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. तुमच्या बाबतीत काय करू? कुंपणानंच शेत खाल्लं.

नवरा — सात घरांनी लिहिलं, तरी सही झालीच ना? आईंच्या पत्रानं फरक पडला असता असं तुला वाटतं?

बायको — मघाशी म्हणालात फाइल अडली असती. आता म्हणताय फरक पडला नसता. एक काहीतरी ठरवा.

नवरा — मला नाही माहीत. खरंच नाही माहीत.

बायको — कोर्टातसुद्धा तिला उभं केलं नाही. सरकारी वकील म्हणाले, पुरावा पुरेसा आहे, म्हातारीला कशाला त्रास. इस्त्री केलेलं पातळ नेसून ती दोन महिने बाकावर बसायची, आज बोलावतील म्हणून. ती दया त्यांची. ही तुमची. जो तो तिच्यावर दयाच करतोय, तिला काय म्हणायचंय ते विचारायला एकाची जीभ वळत नाही.

नवरा — चुकलो मी. पाया पडतो तुझ्या, मला माफ कर. वकीलबाईंकडे जा, मी अडवत नाही. साहेबांचं लिहून द्यायला सांगशील तर तेही देतो. फक्त आईंना हे नको. तुझ्यामाझ्यात राहू दे.

बायको — म्हणजे आता सही मी करायची. ज्याचं गेलं त्याला न विचारता.

नवरा — तसं नाही म्हणत मी.

बायको — तसंच म्हणताय. सतरा वर्षांत हेच शिकलात तिथं. दाराआड दोघांनी मिटवायचं आणि बाहेर बसलेल्याला शेवटी कळवायचं, माफी झाली म्हणून. मी नाही करायची. आत जा, तिच्यापुढं बसा. तिला विचारू दे काय विचारायचं ते. तुम्हाला काढायचं का ठेवायचं, ती ठरवेल.

नवरा — घरातून काढायचं?

बायको — घर तर तुमचंच आहे, ऑफिसनं दिलेलं. बारक्या गेल्यावर तिनं तुम्हाला त्याच्या जागी धरलं. मी त्या जागेबद्दल बोलतेय.

(आतल्या खोलीतला टीव्ही बंद होतो. आई दारात येते.)

आई — काय गं, भांडताय का? आवाज आत येतोय. तिकडं जेवायची सुट्टी झालीय, दोनला परत बसणारेत मेले. अगंबाई, जावईबापू, तुम्ही आज दुपारचेच?

बायको — त्यांना तुझ्याशी बोलायचंय.

आई — बोला की. बारा जण कमी पडतायत हो अजून. पण दक्षिणेकडचे सहा फुटतील म्हणतात.

नवरा — आई, परवा तो गेला तरी हॉलवाला आत जाणार नाही. माफी तशीच राहते. मला हे आधीपासून माहीत होतं.

आई — असं होय. मग मी कशाला आकडे जुळवत बसलेय वेड्यासारखी.

नवरा — अजून एक आहे. त्याचा अर्ज आला, तेव्हा सरकारनं तुम्हाला एक पत्र काढलं होतं. तुमचं म्हणणं काय आहे, ते विचारणारं.

आई — मला?

नवरा — तुमच्याच नावानं.

आई — नाही हो, कुठलं पत्र. टपाल तर मीच घेते रोज.

नवरा — टपालात पडलंच नाही ते. मी माझ्याकडे ठेवून घेतलं. तुम्हाला त्रास नको म्हणून… आणि साहेबांना घाबरून. दोन्ही.

आई — तुम्ही ठेवलंत.

नवरा — हो.

आई — काय लिहिलेलं असतं त्यात?

नवरा — ठरलेला मजकूर असतो. अमुक कैद्यानं माफी मागितली आहे. या प्रकरणात आपला मुलगा मृत्यू पावला आहे. आपणांस काही सांगावयाचे असल्यास खाली लिहावे.

आई — खाली जागा असते?

नवरा — असते. आठ ओळींची.

आई — आठ.

बायको — आई, बस तू. पाणी देते.

आई — पुरल्या असत्या गं मला.