आळशी माणसाचं ऑपरेशन

नाही गं, नातवाला घेऊन नाही आले मी, नवऱ्याला घेऊन आले. हो, लहान मुलांच्याच विभागात. हसलीस ना? हस, सगळेच हसतात. दोन वर्षांपूर्वी दारावरचा तो हत्ती बघून मीसुद्धा म्हटलं होतं, मजला चुकला वाटतं आपला. चौसष्ट वर्षांचा, सहा फूट दोन इंचांचा माणूस, आणि दाखल केला कुठं, तर बदकांच्या पडद्यामागं. का, तर यांचं हृदयाचं दुखणं जन्मापासूनचं, आणि असल्या दुखण्यावर हात बसलेला या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंचा. मोठ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ही झडप आम्ही पुस्तकात बघितलीय, त्या दर महिन्याला शिवतात. त्याच गं, आत्ता तुझ्या लेकीला आत घेऊन गेल्या त्याच. ऑपरेशनही तेच. किती, चौदा महिन्यांची? बरं. नीट बस. खुर्च्या बुटक्या आहेत, गुडघे हनुवटीला लागतात, पण होते सवय.

तर हे लिफ्ट दुरुस्त करायचे, छत्तीस वर्षं. आणि लिफ्टचंच काम का धरलं — जिने चढायला नकोत म्हणून. मी नाही, तेच सांगायचे, हसत हसत. लग्नाच्या आठव्या दिवशी मी पिठाचा डबा माळ्यावर ठेवायला दिला, तर शिडीच्या दोन पायऱ्या चढून हे तिथंच बसले, डबा मांडीवर घेऊन. मी म्हटलं, झालं, आळशी माणूस पदरात पडला. आणि मग म्हणतच राहिले. आल्यागेल्याला सांगायची — आमचे हे बसले की बसले, आग लागली तरी आधी चहा मागतील. पोरांना सांगायची, बापासारखे बूड टेकून राहू नका. धाकट्यानं शाळेत निबंध लिहिला होता, ‘माझे बाबा’, त्याचं पहिलं वाक्य — माझे बाबा बसतात. मी तो निबंध शेजारीपाजारी वाचून दाखवला. ह्यांनाही दाखवला. ते म्हणाले, अक्षर छान आहे.

मग एक दिवस कामावर चक्कर येऊन पडले, म्हणून तपासायला आणलं. इथंच, त्या डावीकडच्या खोलीत. बाईंनी विचारलं, लहानपणापासून दम लागतो का? यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, दम कसला डॉक्टर, आळस आहे तो. बाईंनी यांच्या छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर हृदय दाखवलं, हलत होतं. म्हणाल्या, उजवीकडची झडप जिथं असायला हवी तिथं नाही, खाली सरकलेली आहे, आईच्या पोटातच. लाखांत एखाद्याला असतं. दर ठोक्याला निम्मं रक्त मागं फिरतं. या माणसानं एक जिना चढायचा म्हणजे तुम्ही-आम्ही पोतं घेऊन चार जिने चढायचे. मी पडद्याकडं बघत होते. हे पडद्याकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघत होते. रागानं नाही गं. रागानं असतं तर बरं झालं असतं.

अगं, रडतेस कशाला, ऐक तर. गंमत पुढंच आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यांना घालायला कपडे नव्हते. म्हणजे होते, पण सगळे सात वर्षांपर्यंतचे. परिचारिकेनं दोन झगे जोडून शिवले, पुढून ससे, मागून विमानं. पुढंमागं नाड्या. स्ट्रेचरवर झोपवलं, पाय गुडघ्यापासून बाहेर. मी रात्रभर ठरवलं होतं, आत न्यायच्या आधी यांना सांगायचं, चुकलं माझं. एवढंच. तीन शब्द नाहीत पुरते. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं, मी वाकले, म्हटलं, अहो — आणि लिफ्टच्या आतून कोणीतरी दार ठोकायला लागलं.

बाई होत्या. डॉक्टरबाई. खालून वर येत होत्या आणि दोन मजल्यांच्या मधे अडकल्या. कंपनीचा माणूस यायला दोन तास, असं फोनवर कळलं. वॉर्डबॉय जिन्यानं वर-खाली धावतोय, कोणी म्हणतंय फायर ब्रिगेड बोलवा, कोणी म्हणतंय बाईंना खिडकीतून काढा — लिफ्टला खिडकी असते का, तूच सांग. आणि हे उठून बसले. म्हणाले, किल्ली दे. लिफ्टच्या दाराची तिकोनी किल्ली यांच्या गळ्यात कायम असायची, ऑपरेशनसाठी काढून घड्याळ-चष्म्याबरोबर माझ्या पर्समधे ठेवलेली. मी दिली. मुकाट्यानं दिली — छत्तीस वर्षांत पहिल्यांदा यांना कुणी न सांगता उठलेलं बघितलं होतं. वॉर्डबॉयला गच्चीवर पाठवून मेन स्विच बंद करवला, दार उघडलं, मागं विमानं फडफडतायत, आणि दोन हात खाली बाई उभ्या, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. स्टूल आत सोडलं, बाई वर आल्या. वर येऊन आधी यांच्या ओठांकडं बघितलं. निळे पडले होते. तिथंच मनगट धरून नाडी मोजली आणि म्हणाल्या, झोपा आता. पुढचं काम माझं.

हे झोपले का? लिफ्ट चालू करून दोनदा रिकामी वर-खाली पाठवली, आवाज ऐकला, मग झोपले. त्या सगळ्यात माझं सांगायचं राहिलंच. दार बंद झालं. मी आठ तास या खुर्चीवर. ही नाही, ती, पाय मोडलेली.

वाचले ना, म्हणून तर बोलतेय. पण ऐक, तुझी लेक यांच्यासारखी नाही वागणार. यांच्या शेजारच्या खाटेवर चार वर्षांची पोरगी होती, तेच ऑपरेशन, एक दिवस आधी झालेलं. पाचव्या दिवशी ती तीनचाकी फिरवत होती, आणि आमचे हे कापडी हत्ती छातीशी धरून, खोकायचं नाही म्हणून रुसून बसलेले. खोकावं लागतं गं, छातीतला कफ सुटायला, कितीही दुखलं तरी. एकदा खोकलं की परिचारिका भिंतीवर चांदणी चिकटवायची. तिच्या अकरा, यांच्या दोन. तिसरी मिळाली नाही, तर यांनी मुख्य परिचारिकेला बोलावून रीतसर तक्रार केली, मी खोकलो होतो, साक्षीला हिला विचारा. आणि ती पोरगी म्हणाली, आजोबा खोकले नाहीत, घसा साफ केला. बाई म्हणतात ते खरं, काम एकच, पण प्रत्येक वयाचं हृदय आपापल्या तऱ्हेनं बरं होतं. लहान लवकर विसरतात. म्हाताऱ्यांना सहा महिने लागले. मग मात्र जे सुटले —

आता जिने चढतात. दुसरं काही नाही, जिने. सकाळी आमच्या इमारतीचे, मग समोरच्या. तिथला रखवालदार विचारतो, कुणाकडं जायचंय, हे म्हणतात, वर. लिफ्टमधे पाय ठेवत नाहीत. माझे गुडघे गेलेत, मी लिफ्टनं एकटी जाते आणि वर पोचून यांची वाट बघते, तर हे परत खाली उतरलेले असतात. आत्ताही तेच, तपासणीच्या आधी सातव्या मजल्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले. घरात खुर्ची रिकामी. खोटं कशाला बोलू, मला करमत नाही. इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो माणूस निदान समोर बसलेला तरी असायचा.

सांगितलं ना, गेल्या महिन्यात सांगितलं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर गाठून, धापा टाकत, म्हटलं, अहो, मी तुम्हाला उभा जन्म आळशी म्हटलं, चुकलं माझं. ते थांबले. म्हणाले, तुझं काय चुकलं? मलाही तसंच वाटायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच एवढा त्रास होतो, बाकीचे तरी चढतात, मीच आळशी.

…

मी तिथंच बसले पायरीवर. तेही बसले शेजारी, थोडा वेळ.

म्हणून तुला सांगते, पोरगी मोठी झाली, खेळताना मधेच बसली, तर काही म्हणू नकोस. विचार नुसतं. आधी विचार, काय होतंय गं. मी कधी —

ऊठ, बाई आल्या बघ दारात. टोपी काढलीय त्यांनी, मान हलवतायत, हसतायत की गं. ऊठ, जा ना. हात सोड माझा.

अगंबाई, मीच धरलाय होय. जा.