जोत्यावरची खोली

(दुर्गजवळचं कोहका, १९६०. पोळा होऊन आठ दिवस झालेले. भाड्याच्या पाच खोल्यांची ओळ. घरमालक सूर्यकांत दुर्गहून आलेले. भाडेकरू केवलराम नव्या पोलाद प्लांटच्या बांधकामावरून नुकताच परतलेला. त्याची बायको मनकर्णा आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन दाराशी.)

सूर्यकांत : भिंतीला हात लावू नका हो, केवलराम. आणखी पडेल.

केवलराम : नाही लावला तरी पडूनच राहिली ना, मालक. कालचा तुकडा पाळण्यापासून हातभर दूर पडला. एका हातानं उचलत नव्हता.

सूर्यकांत : मग पाळणा हलवा.

मनकर्णा : कुठं हलवू? आठ हाताची खोली, न चारी भिंती अशाच.

सूर्यकांत : तेच म्हणतो मी. मातीची भिंत अशी पाटासारखी सुटत नाही. हे तुम्ही वरून थापलेलं सिमेंट सुटलंय. मी दिली तेव्हा भिंत मातीची होती, धडधाकट होती.

केवलराम : धडधाकट? तुमी खोली दाखवली तवा वैशाख होता. वैशाखात कोनतीबी भिंत कोरडीच दिसते. श्रावणात कमरेपर्यंत ओल चढली तिले.

सूर्यकांत : पावसाळ्यात ओल कुठे नसते? माझ्या दुर्गच्या घरात लोणच्याला बुरशी येते.

मनकर्णा : तुमच्या लोनच्याले येते, मालक. इथं पोरीच्या दुपट्याले येते.

सूर्यकांत : बाई, तुम्ही चूल आत पेटवता, ओले कपडे आत वाळत घालता, घागरी भिंतीला टेकवून ठेवता. ओल येणार नाही तर काय होईल?

मनकर्णा : ओसरी काढली असती तं बाहेर वाळवले असते.

केवलराम : घागरीची ओल कमरेपर्यंत चढत नाही. मी धानाच्या मुलखातला, साकोलीकडचा. खरं सांगा, ही जागा बांधी होती ना? पानी अडवून धान लावाची?

सूर्यकांत : होती. मग? पाच वर्षांमागे इथे सगळीकडे धानच होतं. तुमचा प्लांट काय डोंगरावर उभा राहतोय?

केवलराम : प्लांटले तीन पुरुस खोल पाया हाये. रेल मिलचा तं मीच ओतला, या हातानं. तुमी बांधीच्या गाऱ्यावर भिंत उभी केली न वर छपराले कवेलू टाकले.

सूर्यकांत : पसंत पडली म्हणून घेतलीत. मी हात धरून आणलं नव्हतं. रोज दहा माणसं खोली मागत दारात उभी होती तेव्हा. बाईला दिवस गेल्याचं कळलं, म्हणून तुम्हाला दिली.

केवलराम : तो उपकार हाये, नाही म्हनत नाही. अजून एक करा. पोरीची छाती रात्रंदिवस घरघरते. डॉक्टर म्हनला, दवाई मी देतो, पन कोरडी जागा पायजे. तुमची ती टोकाची खोली, दगडाच्या जोत्यावरची. तिले ओल नाही. कुलूपच असते तिले. पाऊस सरेपर्यंत द्या.

सूर्यकांत : ती नाही देता येणार.

केवलराम : कावून?

सूर्यकांत : तिच्यात धान आहे माझं. साठ पोती.

मनकर्णा : धान?

सूर्यकांत : वर्षाचं आहे, बाई. ओल लागली की दाणा काळा पडतो, वास मारतो. एकदा बिघडलं की बिघडलं. ते काही बोलून सांगत नाही.

मनकर्णा : पोरगीबी बोलत नाही अजून.

केवलराम : थांब तू. मालक, पाच खोल्या एका दिवशी बांधल्या तुमी. जोतं एकीलेच कावून? म्हनजे ओल चढते हे तुमाले तवाच ठाऊक होतं.

सूर्यकांत : तुम्ही आता वकिली करायला लागलात. ठीक आहे, मीही विचारतो. हे सिमेंट कुठलं, असं मी कधी विचारलं?

केवलराम : प्लांटवरच्या फाटक्या गोनीतलं होतं. झाडून फेकाचं. तुमीच तं शेजारच्या टिकारामले बोलावून दाखवलं, भाडेकरू असावा तं असा.

सूर्यकांत : दाखवलं. मला काय ठाऊक, मातीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते म्हणून? परवा राजमिस्त्री सांगत होता. भिंत आतून चिखल होते म्हणे. मी चार पिढ्यांचा दुर्गकर, मला सिमेंटातलं काय कळतं? पण तुम्ही दिवसभर त्यातच असता, केवलराम. तुम्हाला कळायला हवं होतं.

केवलराम : हो. मले कळाले पायजे होतं.

सूर्यकांत : मग झालं तर. दसऱ्याच्या आत भिंत होती तशी करून द्या, नाही तर खोली सोडा. पक्कं घर हवं असेल तर प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहात मागा, साहेबांच्या शेजारी. मी कोणाचं वाईट चिंतत नाही. पण उद्या प्लांटचा कोणी सिमेंटचं विचारायला आला, तर खोटं बोलणार नाही मी.

मनकर्णा : तुमी बोलावल्याशिवाय कोनी येत नाही इथं.

सूर्यकांत : येतो मी. दार लोटून घ्या, बाई. वारा गार आहे, पोरीला बाधेल.

केवलराम : गेला का?

मनकर्णा : टोकाच्या खोलीचं कुलूप ओढून पाहून राहिला. हं. गेला.

केवलराम : तवा तूच कावून नाही अडवलं मले?

मनकर्णा : अडवलं होतं. छुहीची पांढरी माती आनते म्हनलं, शेनमातीनं सारवते म्हनलं, घरी मायनं जन्मभर तेच केलं. तुमी हासले. म्हने, रशियाचे साहेब माझं काम पाहाले येतेत, न मी भिंतीले शेन लावू?

केवलराम : तुह्या भावाले दाखवाचं होतं मले. गावी जाऊन सांगन, बहीन पक्क्या घरात हाये.

मनकर्णा : सांगतलं त्यानं. सगळ्या गावाले सांगतलं.

केवलराम : मले वाटलं, एवढा कारखाना उभा राहून राहिला सिमिटावर. एक भिंत नाही राहनार?

मनकर्णा : ते लोखंडाचं सब्बल द्या इकडं.

केवलराम : कायले?

मनकर्णा : उरलेलं सिमिट उकरते. भिंत उघडी राहीन तं सुकन कधीतरी.

केवलराम : न मालक म्हनन, भिंत पाडली. सगळं आपल्याच बोकांडी बसन. त्याची भिंत हाये, त्यानं करावं.

मनकर्णा : तो म्हनते तुमची, तुमी म्हनता त्याची. ठरवत राहा दोघं. पोरगी रोज त्या भिंतीपाशी निजते. धरा तिले.