कुसळवाडीत रात्री ओ देत नाहीत

ऐका. सरका जवळ. ए बायजे, पोराला मांडीवर घे, नाहीतर मध्येच रडेल आणि गोष्ट तुटेल.

आपल्या कुसळवाडीला सगळा मुलूख हसतो, ठाऊक आहे ना? बहिऱ्यांची वाडी म्हणतात. का, तर रात्री कुणी हाक मारली तर आपण ओ देत नाही. एक मारा, दहा मारा, दाराची कडी निघत नाही. वर आपणच ऐटीत सांगतो, 'रात्रीची हाक भुताची असते बाबा, वाडवडिलांनी घालून दिलंय.' मीसुद्धा सांगायचो. केरबा सुतारानं मला त्याची गोष्ट सांगितली, तेव्हापासून सांगत नाही.

केरबाची बायको सर्जा पहिलटकरीण. दिवेलागणीला कळा सुरू झाल्या आणि अडली. पोर आडवं. वाडीत सुईण नाही, सुईण वरखेडला. ओढ्याच्या वाटेनं दोन कोस. जुन्या गावठाणातून गेलं तर निम्मं.

जुनं गावठाण म्हणजे आपलं खरं गाव रे पोरांनो. प्लेगच्या साली उंदीर पडायला लागले, तसं सगळं गाव उठलं आणि इथं माळावर झोपड्या घालून राहिलं. परत कुणी गेलंच नाही. झोपड्यांची घरं झाली, माळाची वाडी झाली. एवढाच आपला इतिहास. म्हणजे एवढाच आपण सांगतो.

केरबाचा बाप राऊ ओट्यावर बसला होता. म्हणाला, "वड्यानं जा. गावठानातनं जाऊ नगं."

"आण्णा, तवर सर्जा ऱ्हायची न्हाई!"

आणि निघाला की गडी! हातात कंदील, डोक्यात एकच. सर्जा जगली पाहिजे.

गावठाणाची पडकी वेस आली. आत शिरला. आणि मागून हाक.

"केरबाऽऽ"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. केरबा कुसळवाडीचा, तो कसला ओ देतोय! पाय उचलला. पुन्हा हाक. आता पुढून. आणि आवाज कुणाचा? सर्जाचा! "अवो, मला सोडून कुटं निगाला?" पण त्यानं ओठ दातांखाली धरला आणि चालत राहिला. चालला, चालला, आणि समोर काय? तीच पडकी वेस! पुन्हा चालला. पुन्हा तीच वेस! कंदिलात तेल काठोकाठ, आणि वात आपली खाली खाली जातेय. तिकडं सर्जाचा एकेक श्वास मोजून चाललेला, आणि हा इथं घाण्याच्या बैलागत फिरतोय!

तिसऱ्यांदा वेस आली, तेव्हा शेजारी कुणीतरी चालत होतं.

हसू नका रे. चालत होतं. वाकलेली म्हातारी, पदराखाली काहीतरी धरलेलं. केरबाकडे बघत नव्हती. नावं घेत होती. "सटवा सुतारा, ओ दे. धोंडू गुरवा, ओ दे. राऊ, लेकरा, तू तरी ओ दे." सटवा म्हणजे केरबाचा आजा. राऊ म्हणजे बाप. एकेका घराचं नाव घेत होती, तुमचं, माझं. आणि पदराखालून रडू आलं. ट्यँहा! नुकत्या जन्मलेल्या पोराचं.

केरबा पळाला. धाडकन कशात तरी घुसला. काटे! जिथं मोकळी वाट होती तिथं बाभळीची कुपाटी, पुरुषभर उंच काटेरी कुंपण. धोतर अडकलं, हात फाटले. कुपाटीची मेढ, तो लाकडी खांब, धरून उठायला गेला आणि हाताला खाच लागली. तिरपी, दुहेरी. अहो, सुताराच्या पोराला खाच सांगावी लागते? ही खाच त्यांच्या घरातली. आजानं बापाला दिलेली, बापानं त्याला. पंचक्रोशीत दुसरा कुणी तशी घालत नाही.

म्हातारी जवळ आली. पदर उघडला.

"मी तानू सुईन. तुज्या बापाला मीच काढला. गुरवाची सून अडली म्हनून मी मागं ऱ्हायले. ती गेली, ह्यो जगला. मला नगा घेऊ आत. मला पिलेगाची गाठ आलीया. ह्याला तरी घ्या की रं!"

भीती तिथंच गळाली, असं केरबा म्हणायचा. उरली ती लाज. अशी लाज, की कंदिलाचा उजेडसुद्धा तोंडावर नको झाला. काटे रोवणारा हात आपल्या घरातला, आणि आपण सुईणच आणायला निघालोय! दोन्ही हात पुढे केले त्यानं आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ, आजी! द्या हिकडं!"

हात रिकामेच राहिले. कुपाटी नाही, म्हातारी नाही. समोर वरखेडची वाट.

सुईण वेळेत आली. पहाटे मुलगी झाली, सर्जा वाचली. थोडक्यात निभावलं. पण केरबा बाळ बघायला आत गेला नाही. फाटक्या हातांनी बापासमोर जाऊन बसला.

"आण्णा, गावठानात तानू सुईन भेटली. ती हाका मारीत आली त्या रातीला आपली मानसं झोपली व्हती न्हवं?"

राऊ मान खाली घालून म्हणाला, "मी नऊ वर्साचा. माजं नाव घेतलं तिनं. मी उठाय लागलो, तर आयनं माज्या तोंडावर हात धरला. कुनी झोपलं नव्हतं रं. सगळं गाव जागं व्हतं. पार तिचा आवाज बंद हुईस्तवर."

प्लेगच्या त्या रात्रीनंतर सकाळी झोपड्यांभोवतीच्या कुपाटीबाहेर तानू आणि पोर, दोघं मेलेली सापडली. आणि त्याच दिवशी कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, रात्रीची हाक भुताची असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या आजानंसुद्धा.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. ती कुणाला मारत नाही. नुसती घराचं नाव घेते. पण एकदा ते ऐकलं, की मान वर करून वाडीत येता येत नाही. मी गेलो होतो एकदा. माझंही घेतलं तिनं.

आणि मी ओ दिली नाही.