पयला चीक

काय सांगू तुमाले, माहं माहेर मोर्शीचं, संत्र्याच्या बगीच्यातलं, अन् सासर इथं चांदूर बाजारले, भाजीपाल्याचं, वांगे तोडता तोडता म्हातारी झाली मी. पण तुमी डॉक्टरीणबाईचं इचारून राहिले ना, तं तेच सांगतो.

गावात तवा बाई डॉक्टर नव्हतीच, हेच पयली. काळी, आमच्यावानीच माळ्याच्या घरची, साधी सुती साडी. माहं पयलं लेकरू घरीच गेलं होतं, म्हणून दुसऱ्या खेपेले सासूनं मले तिच्या दवाखान्यात आणलं. बाई दारातच उभी होती, तं सासू म्हणे, ए आया, हे गठोडं उचल अन् डॉक्टरले बोलाव. बाईनं गठोडं उचललं, खाटेखाली ठेवलं, हात धुतले अन् म्हणे, आली डॉक्टर, आता सरका. कळा सुरू असून मले हासू आलं वो!

पोट्टी झाली. इतकुशी, रडाचीबी ताकद नाई. आता आमच्यात चाल अशी का बाळंतिणीचा पयला चीक, ते पिवळं घट्ट दूध, पिळून फेकाचं अन् लेकराले गुळाचं पाणी चाटवाचं. पयल्याच्या वख्ती तेच केलं होतं. सासू गुळाच्या पाण्याची वाटी घेऊनच बसली. मले वाटे, हेबी जाते आता.

बाई म्हणे, माय, तुमच्या घरी म्हैस व्याली तं चीक फेकता का? सासू म्हणे, काहून फेकीन, खरवस करतो, देवाले दाखवतो. बाई म्हणे, मंग म्हशीचा देवाले चालते अन् सुनेचा नातीले चालत नाई? माह्या मायनंबी माहा भाऊ असाच घालवला, म्हणून तं शिकली मी. सासूनं वाटी बाजूले सारली अन् पोट्टी उचलून माह्या छातीशी देल्ली. पोट्टी प्याले लागली, अन् मी रडली, रडलीच.

तवापासून म्हैस व्याली का खरवसाचा पयला तुकडा देवाच्या आदी बाईच्या घरी. सासू सोता नेऊन देत होती. देव समजून घेते, म्हणे.

आता सासू नाई, अन् बाईले डोळ्यानं दिसत नाई. माह्या त्या पोट्टीले अचलपूरले देल्लं, तिले आता पोरगी झाली. खरवसाचा डबा घेऊन मी बाईकडं गेली तं बाईनं पयले हेच इचारलं, नातीले चीक पाजला का वो? म्हटलं, बाई, पयलं तेच केलं, माह्या पोट्टीले सांगाबी लागलं नाई. बाई हासली. म्हणे, मंग आता मी मेली तरी चालते. म्हटलं, असं काहून बोलता, माहं उरलेलं आयुष्य तुमाले लागो. अन् खरवसाचा पयला घास माह्या हातानं तिच्या तोंडात देल्ला.