उंट्या इंजिनावरचा निरोप्या

ऐका. वरची आळी शेकोटीच्या त्या बाजूला, खालची आळी या बाजूला, बसलात तसेच बसा. भुतं मी मानत नाही. पण हे इंजिन मानतो, कारण त्याच्या जातीचं एक तिकडे अमेरिकेत संग्रहालयात उभं आहे. शिकायला होतो तेव्हा हात लावून पाहिलंय.

शंभर वर्षांहून जुनी जात. ड्रायव्हरची खोली मधोमध, बॉयलरवर, उंटाच्या कुबडासारखी. कोळसा टाकणारा पार मागे, भट्टीपाशी. मध्ये धगधगतं बॉयलर. एकमेकांचं तोंड दिसत नसे, बोलणं ऐकू येत नसे. हसू नका सुभद्राकाकू, खरंच अशी बनवत. आपल्या खाणीवाल्यांनी त्यातलंच एक आणलं. पुढे खाण बुडाली, रूळ उपटले, इंजिन भंगारात गेलं. ती दोन माणसं मात्र मेल्यावरही कामावर.

तर आपले डोमाजी. दोघांत काड्या लावण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. बाजार करून निघाले तोवर अंधार पडलेला. सकाळी मुलीला पाहायला पाहुणे येणार. पोचायलाच हवं. म्हणून खाणीची जुनी वाट धरली.

मागून दिवा आला. झुकझुक, झुकझुक. इंजिन थांबलं.

"बसा डोमाजी, गावापाशी सोडतो," मागचा म्हणाला. "तेवढं पुढच्याले सांगा, हळू चालव म्हणा."

डोमाजी बॉयलरच्या कडेच्या फळीवरून पुढे गेले.

"त्याले सांगा, आधी कोळसा टाक," पुढचा म्हणाला.

मागे आले. पुन्हा निरोप. पुढे गेले. पुन्हा निरोप. मागे, पुढे, मागे. ऐका, तळपाय भाजले, पण निरोप संपेनात. गाव आलं. ओट्यावरचा कंदील दिसला. इंजिन थांबेना. डोमाजींनी खाली पाहिलं, तर रूळच नाहीत. कपाशीवरून चाललंय आणि एक बोंड हलत नाही. वर पाहिलं, तर पुढच्याची पावलं उलटी.

"मी उतरतो बाप्पा."

"मंग निरोप कोन नेईन? पयलेचा पार झिजून गेला."

फळीच्या टोकाला नुसत्या दोन वहाणा होत्या.

डोमाजी घाबरले. पण अंगचा गुण कुठे जातो? पुढच्याच्या कानाशी लागले, "मागचा म्हणते, तुमच्यापेक्षा बैल बरा. तो निदान वळून त पायते." मग मागे जाऊन, "पुढचा म्हणते, इंजिन मी चालवतो, मागं निरं माकड बसवलं."

इंजिन करकचून थांबलं. दोघं बाह्या सरसावत उतरले, समोरासमोर आले. जन्म एका इंजिनावर गेला, पण एकमेकांची तोंडं आज पहिल्यांदा पाहत होते.

"तू त माह्याच वयाचा दिसतं."

"माकड म्हणला का मले?"

"मी? तू बैल म्हणला ना?"

मग दोघांच्या माना फळीकडे सावकाश वळल्या. पार पाठीपर्यंत वळल्या.

डोमाजी केव्हाच कपाशीत.

घरी पोचले ते उजाडल्यावर, कोळशानं काळेठिक्कर. पाहुणे येऊन बसलेले. मुलाची आई हळूच म्हणाली, "पोरगी कमी बोलते का, तेवढं तिच्या मायले विचारा."

डोमाजी झटकन मागे सरकले. "माय समोर बसली आहे बाई. तुम्हीच विचारा. मी त्या फळीवर पाय ठेवत नाही."

फळी कोणाला कळली नाही. पण त्या दोघी बायका बोलायला लागल्या त्या दुपारपर्यंत, आणि सोयरीक ठरूनच उठल्या.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. खाणीची वाट काट्यांत केव्हाच बुजली. मी म्हणतोय ती 'तेवढं त्याले सांग'ची वाट. पाण्याच्या टाकीच्या वादापायी महिनाभर मी तुमच्या दोन आळ्यांमधल्या फळीवर चालतोय. आता एकाच शेकोटीला बसला आहात. माझे तळपाय भाजलेत. बोला.