हातानं घातलेली संख्या

—नाही नाही, हार नकोय मला, कुसाताई. मी वाल्मीक सर, निकिताच्या कॉलेजातला, गंगापूर रोडच्या— हो, फिजिक्सचा. तोच. तुम्ही ओवत राहा, हात थांबवू नका. मला फक्त पोरीचा नवा नंबर द्या. जुना लागत नाही. कशाला? सांगतो ना— ताई, रिकामी जागा असते ना, काही म्हणजे काही नसलेली, तिच्यातसुद्धा ऊर्जा असते, आणि आमचं गणित म्हणतं, ती इतकी असायला हवी की तारे जमायच्या आधीच विश्व फाटून गेलं असतं. नाही ना फाटलं? बसलोय ना आपण इथं? का नाही फाटलं, कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, लांबी-रुंदी-उंचीपलीकडं आणखी दोन मिती आहेत, बारीक गुंडाळलेल्या— तो सगळा भार त्याच वाकून झेलतात. अकरा वर्षं, ताई, हेच केलं. बायको बॅग भरत होती तेव्हाही आकडेमोडच— ते जाऊ द्या. उत्तर सुंदर आलं, छापूनही आलं. आणि तुमची पोरगी भर वर्गात उठून म्हणते, सर, हे आपोआप जुळत नाहीये, चौथ्या ओळीतली संख्या तुम्हीच हवी तशी घातलीय.

मी काय केलं? हसलो. फुलवाल्यांनी फुलं विकावीत, म्हणालो— बोलली नाही ती घरी? नाही?... मग आता कळलं तुम्हाला. सगळा वर्ग हसला. तिनं वही मिटली, बस. पुढं पुण्याच्या संशोधन संस्थेनं तिच्याबद्दल विचारलं, तर मी लिहिलं, कुवत नाही. मी लिहिलं, ताई! चौथी ओळ तपासल्यावर— हो, आधी तपासली, मग लिहिलं. तिचं बरोबर आहे हे कळलं, म्हणूनच लिहिलं.

काल मी माझा तो छापलेला पेपर मागं घेतला. संस्थेलाही खरं कळवलं, ही त्यांच्या उत्तराची प्रत— ते तिला घेतील, पण अर्ज आज पाचच्या आत हवा. आज! मी नाही बोलत, तुम्हीच लावा फोन, पाया पडतो... लागला? सांगा, सांगा... काय म्हणते? भरते? अर्ज भरते म्हणाली! ...आणि मला? मला काही—

एवढंच? कागद ठेवून निघा म्हणाली?

ठेवतो. टोपलीखाली ठेवतो, वारा आहे गोदेचा. ...नाही ताई, बसत नाही.

...हो. जातो.