देवघरातला घोडा

नाही हो मालिनीताई, गणपतीमागचा तो फोटो कुणा मुलाचा नाही — आमची कौमुदीच आहे ती, हेल्मेट घातलंय ना, म्हणून! बाकीचे सगळे मी सकाळी कपाटात कोंबले, ह्यांनी बजावलंच होतं, बॉनहून माणसं मुलगी बघायला येतायत, घोड्याचं नाव काढू नकोस — आणि नेमका हाच राहिला. तुम्ही देवाला नमस्कार करायला जाल हे मला काय माहीत! बसा ना. मी जरा खिडकीतून बघते, आपली कौमुदी आणि तुमचा गौरांग तळ्यावरून परत येतायत का... नाहीत. पोहे घ्या अजून. हो, जॉकी होती. साध्या शर्यतीत नव्हे हो, कुंपणांवरून उड्या मारतात ना, त्या शर्यतीत. बॉबलिंगेनमधली इंजिनियरची मुलगी — लोकांच्या पोरी पियानो शिकतात, ही पहाटेपासून तबेल्यात!

छे, फार कुठे — दोन उन्हाळे. नाव कुणाला ठाऊक असणार! जिंकली एकदाच, इथे जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होता ना, तेव्हा — सगळा देश टीव्हीसमोर, स्टँडमध्ये आम्ही आणि चार म्हाताऱ्या. हे कुंपणांच्या उंचीचा हिशेब करतायत, आणि मी? मी शर्यतीकडे पाठ करून उभी. जिंकली तेव्हाही पाठच. दर शर्यतीआधी तो फोटो गणपतीमागे ठेवायचे, धड परत आण रे बाबा म्हणून, आणि ती घरी आली की काढायचे. शेवटच्या वेळी — ती घरी आलीच नाही ना त्या दिवशी, क्रांकेनहाउसमध्ये, हॉस्पिटलात होती. खांद्याचं हाड. आता बरं आहे हो, स्वयंपाकबिंपाक सगळं करते — म्हणजे करत नाही, पण करू शकते.

आणि ते सोळा सोमवार... मी फोनवर सांगितले ना तुम्हाला कौतुकाने... आता सांगूनच टाकते. शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर उभं करतात, वजन जास्त भरून चालत नाही. पोरगी म्हणाली, आई, मी सोमवार धरलेत. मग चतुर्थी धरली, मग शनिवार. मला काय आनंद! जर्मनीत वाढलेली पोर — मी पुण्याला फोन करकरून सांगितलं. साबुदाण्याची खिचडी द्यायचे, वर दाण्याचं कूट, तूप — ती डबा नेऊन तबेल्यात वाटून टाकायची. डॉक्टरांनी विचारलं, हिने काल काय खाल्लं? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, फास्टिंग, फॉर गॉड — आणि ही पलंगावर डोळे मिटून हसतेय. उपाशी होती हो, चक्कर येऊन घोड्यावरून पडली. नवऱ्यासाठी नाही, एक सोमवारसुद्धा नाही.

काय म्हणालात? चालेल?... मोठं मन आहे तुमचं. फक्त गौरांगला सांगायचं नाही, आणि फोटो तिथून काढायचा, म्हणताय? गेनाऊ, अगदी बरोबर. हेही तेच म्हणतात. कौमुदीसुद्धा सकाळी म्हणाली, काढ गं आई सगळे — आणि कपाट लावलं, तर कडीवर हात ठेवून तशीच उभी, किती तरी वेळ. डॉक्टर नाही म्हणाले तेव्हापासून तिने घोड्याचा विषय काढलेला नाही. एकदाही नाही. तुम्हाला काय वाटतं, विसरली?

हे बघा — हा फोटो ठेवला इथे टेबलावर, पोह्यांच्या शेजारी. गौरांगला आल्या आल्या दिसेल. मी पाठ करून उभी होते हो, माझी पोर जिंकली तेव्हा! नाही, आता तो इथून नाही काढायची मी. राहू दे तो चहा, गार झालाय. बेल वाजली — मी उघडते. तुम्ही कोट घालून ठेवलात तरी चालेल.